निमदरीच्या शिळेवरचा एक जण

छायाताई देवळात गेल्या तरी चपला डोळ्यांसमोर राहतील अशाच जागी उभ्या राहतात, असं त्यांच्या मळ्यात झेंडू तोडायला येणाऱ्या बायका सांगतात. खोटं नाही ते. नाशिकजवळच्या मखमलाबादला त्यांचा मळा आणि माझा मळा बांधाला बांध लागून आहे. मी वीस-बावीस वर्षं बघतोय. बाजारात क्रेट उतरले की त्या काट्यावर डोळा ठेवून बसतात. कुणी गोड बोललं की आधी मागे वळून बघतात, त्याच्या बरोबर दुसरं कोण आलंय का.

याला कारण आहे. छायाताई बापाच्या एकुलत्या एक. माहेर सिन्नर तालुक्यातलं निमदरी. वडील वारले तेव्हा तेराव्याच्या आत चुलतभावांनी सातबाऱ्यावरून त्यांचं नाव काढायची खटपट केली होती. दुःखाच्या घरात पंगतीला बसवून त्यांच्याकडून कोऱ्या कागदावर सही मागितली, 'तेराव्याच्या सामानाची यादी करायचीय' म्हणून. छायाताईंनी सही केली नाही, कोर्टात गेल्या, नऊ वर्षांनी जमीन राखली. तेव्हापासून त्यांचा स्वभाव असा झाला, की मुळातच तसा होता, हे मला सांगता येणार नाही.

पण एका गोष्टीवर त्यांनी कधी शंका घेतली नव्हती. त्यांचे पणजोबा सोमा पहिल्या महायुद्धात बसऱ्याकडे लढायला गेले आणि तिथेच पडले. वडील हे नेहमी सांगायचे. निमदरीच्या शाळेत सव्वीस जानेवारीला वडिलांना पुढच्या खुर्चीत बसवून नारळ द्यायचे. वडिलांमागे तो मान छायाताईंकडे आला. कोर्टाच्या त्या नऊ वर्षांतही सव्वीस जानेवारीला त्या पहिल्या एसटीने निमदरीला जायच्या आणि भाऊबंदांच्या नाकासमोर पुढच्या खुर्चीत बसायच्या.

दोन वर्षांपूर्वी निमदरीची जुनी चावडी पाडली. ग्रामपंचायतीचं नवं ऑफिस बांधायचं होतं. भिंतीत एक दगडी पाटी निघाली. ती तिथे आहे हे म्हाताऱ्यांना माहीत होतं, पण चुन्याचे इतके हात बसले होते की कित्येक वर्षांत कुणी वाचली नव्हती. खरवडल्यावर अक्षरं दिसली: 'या गावांतून ११ माणसें सन १९१४-१९१९ चे मोठे लढाईस गेलीं. त्यांपैकीं १ (एक) माणूस कामीं आला.'

नावं नव्हती. सरपंच संध्याताईंनी ठरवलं, की शिळा नव्या ऑफिससमोर चौथऱ्यावर बसवायची आणि कामी आला त्याचं नाव खाली कोरायचं. त्यांनी छायाताईंना फोन केला. छायाताईंनी पणजोबांचं पूर्ण नाव सांगितलं, काना-मात्रा दोनदा तपासून घ्यायला लावली.

ग्रामसभेत नाव वाचलं गेलं तेव्हा मागून एक माणूस उठला. इसाकभाई शेख. साठीचा माणूस, सिन्नरला मोटार रिवायंडिंगचं दुकान, घर मात्र निमदरीतच.

"संध्याताई, थोडं थांबा," ते म्हणाले. "बसऱ्याला मेला तो आमचा दगडू. माझ्या आज्याचा भाऊ. सोमा नाय."

सभेत कुजबुज झाली. छायाताई म्हणाल्या, "इसाकभाई, शंभर वर्षं तुम्ही कुठं होतात?"

"हितंच होतो. आमाला कोणी इचारलं नाय."

"आज बरं सुचलं. शिळा चौथऱ्यावर बसायच्या वेळेला."

"शिळाच आज निघाली ताई."

संध्याताईंनी दोघांनाही पुरावा आणायला सांगितलं आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला. सभा सुटल्यावर सगळे गेले तरी छायाताई मागे राहिल्या. ओला फडका घेऊन त्यांनी शिळा पुसली, मोबाइलची बॅटरी लावली आणि त्या एकच्या आकड्यावर बोट फिरवून बघितलं. दोनाचा एक कुणी केलाय का, छिन्नी अलीकडे लागलीय का. पण शेजारी कंसात 'एक' असं अक्षरातही होतं, आणि ते आकड्याइतकंच जुनं होतं.

पंधरा दिवसांनी इसाकभाई एक छापील कागद घेऊन सरपंचांकडे गेले. युद्धांत मेलेल्यांची नावं जपणारी एक परदेशी संस्था आहे, तिच्या वेबसाइटवरून त्यांच्या बायकोने, मासूमाभाभींनी, ते शोधून काढलं होतं. इंग्रजीत 'शेख दगू', सन १९१६, गाव 'निंबदारी', तालुका सिन्नर, जिल्हा नाशिक.

छायाताईंना संध्याताईंनी त्या कागदाचा फोटो पाठवला. छायाताई तो घेऊन माझ्याकडे आल्या.

"दगू म्हणजे दगडू कशावरून? आणि निंबदारी म्हणजे निमदरीच कशावरून?"

मी म्हटलं, "तालुका सिन्नर लिहिलाय ना."

"सिन्नर तालुक्यात निंबाची झाडं काय एकाच गावात आहेत? आणि कागद काय, आजकाल कुठल्याही दुकानात छापून मिळतो."

मी माझ्या मोबाइलवर तीच वेबसाइट काढून दाखवली. नाव होतं. मग त्यांनी सोमाचं नाव शोधायला लावलं. आम्ही एका 'ओ'चे दोन करून पाहिले, शेवटचा 'ए' काढून पाहिला. सोमा पुष्कळ निघाले, पण एकही सिन्नरचा नव्हता. छायाताई म्हणाल्या, "इंग्रजांनी चढवलंच नसेल. गरिबाचं नाव कोण चढवतंय."

मग त्यांनी स्वतः शोध सुरू केला. सैनिक कल्याण कार्यालयात गेल्या, तिथल्या बाईंनी चहा पाजला आणि इतक्या जुन्या काळाचं आमच्याकडे काही नसतं असं सांगितलं. चहा पाजला याचाच छायाताईंना संशय आला. मग कुणीतरी देवळालीच्या एका निवृत्त सुभेदारांचं नाव सुचवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, तुमच्या पणजींना पेन्शन होती?"

"नव्हती. कुणीतरी खाल्ली असणार."

"तसं नाही म्हणत मी. शिपाई मेला की बायकोला पेन्शन लागायची. यादीत नाव नाही, पेन्शन नाही. तुमचे पणजोबा लढाईला गेले असतील, पण मेले नसतील."

"मग घरी का आले नाहीत?"

"ते मी कसं सांगू?"

बाहेर पडता पडता छायाताईंनी अंगणात पाणी मारणाऱ्या सुनेला सहज विचारल्यासारखं विचारलं, की तुमच्या विहिरीची मोटर जळली तर भरायला कुठे देता. ती म्हणाली, नाशिकरोडला. सिन्नरला, इसाकभाईंच्या दुकानात नाही ना, याची खात्री करूनच त्या रिक्षात बसल्या.

निमदरीत मात्र बोलणं वाढत होतं. इसाकभाई कुणाशी भांडले नाहीत, पण चहाच्या टपरीवर एकदा बोलून गेले, "छायाताईंची पणजी भागीबाई मरेस्तोवर ठसठशीत कुंकू लावायची. माझी आजी सांगायची. नवरा मेलेली बाई त्या काळात कुंकू लावील का?" हे छायाताईंपर्यंत पोचायला एक दिवससुद्धा लागला नाही. भागीबाई त्यांना आठवते. त्या सहा वर्षांच्या असताना ती गेली. कुंकू होतं, हे खरं. वडील सांगायचे, तिला वाटायचं तो येईल, म्हणून पुसलं नाही. छायाताईंना आजवर ते पुरत होतं. आता त्यांना झोपताना ते कपाळ दिसायला लागलं.

इसाकभाईंनाही संशय होताच, आणि त्यांचा वेगळा होता. ते मला नंतर म्हणाले, "मला वाटत होतं, पुरावा आणा म्हणतील, आणला की दुसरा आणा म्हणतील. शेवटी शेखाचं नाव कोरायची पाळी आली की शिळाच ठेवून देतील गोडाऊनात. मी बोललो नाय कोणाला. पण वाटत होतं."

याच सुमारास एका स्थानिक पेपरात बातमी आली: 'एक हुतात्मा, दोन घराणी'. बातमी मोबाइलवर फिरली. आणि आठवड्याभरात छायाताईंना एका अनोळखी नंबरवरून फोन आला. बोलणारी तरुण बाई होती, नाव शुभांगी, कळवणच्या पुढे एका खेड्यात अंगणवाडी चालवते. तिची आजेसासू ठमाबाई, वय त्र्याऐंशी. ठमाबाईच्या बापाला मुलगा नव्हता, सगळ्या मुलीच. म्हणून तिचं लग्न झालं ते घरजावई आणूनच. शुभांगीने बातमी मोठ्याने वाचली तेव्हा निमदरी हे नाव ऐकून म्हातारी उठून बसली. म्हणाली, मना आजाना गाव. आजाचं नाव सोमा. तो बसऱ्याच्या लढाईत एक हात गमावून आला होता आणि कळवणलाच मेला, म्हातारा होऊन.

छायाताईंनी फोन कानाला धरून नुसतं "हं" केलं. ठेवल्यावर मला हाक मारली. बांधावर उभ्या राहून त्यांनी सगळं सांगितलं आणि शेवटी एकच शब्द बोलल्या.

"जमीन."

निमदरीच्या जमिनीला आता भाव आलाय, हे सगळ्यांना माहीत आहे. सिन्नरच्या कारखान्यांकडे जाणारा रस्ता रुंद झाल्यापासून तिकडे रोज कुणीतरी टेप घेऊन उभा असतो. सोमाचे दुसरे वारस निघाले तर सातबाऱ्यावर नावं चढवा म्हणतील. छायाताईंच्या हिशेबात याच्यापुढे आणखी एक गोष्ट बसत होती: ही म्हातारी इसाकभाईंनीच उभी केली असेल. सोमा जिवंत होता असं तिने म्हटलं की दगडूचा रस्ता मोकळा.

त्यांनी इसाकभाईंना फोन लावला. "कळवणला चला माझ्याबरोबर. कोण कुणाला ओळखतं ते समोरासमोर बघू."

इसाकभाईंनी दुकानातल्या पोराला मशीन बंद करायला सांगितलं. मग म्हणाले, "येतो. नाय तर तुम्ही परत येऊन काय सांगाल, मला काय ठाऊक."

अशी ती दोघं बरोबर निघाली, एकमेकांवर नजर ठेवायला. इसाकभाई सकाळी सिन्नरहून नाशिकच्या जुन्या सीबीएस स्टँडवर आले. दिंडोरी, वणी करत एसटी कळवणकडे निघाली. छायाताई खिडकीशी, इसाकभाई पलीकडच्या बाकावर. वणीच्या पुढे सप्तशृंगीचा डोंगर दिसायला लागला तेव्हा छायाताईंनी बसल्या जागेवरून हात जोडले. इसाकभाईंनी पिशवीतून केळी काढून एक त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी घेतलं, साल नीट बघितली आणि मग खाल्लं. हे इसाकभाईंनीच मला हसत सांगितलं.

छायाताईंच्या पर्समध्ये एक स्टॅम्पपेपर होता. वकिलाकडून टाइप करून आणलेलं हक्कसोडपत्र. निमदरीच्या जमिनीवर आमचा काही हक्क नाही, पुढेही सांगणार नाही. खाली सहीची जागा मोकळी. याबद्दल त्यांनी इसाकभाईंना काही सांगितलं नव्हतं.

कळवणहून जीपने दोघं त्या खेड्यात पोचली तेव्हा शुभांगी रस्त्यावर उभी होती. घर साधं, पुढे पत्र्याची पडवी, बाजूला कांद्याची चाळ. ठमाबाई पडवीत खाटेवर बसली होती. तिने दोघांकडे नीट पाहून घेतलं आणि नमस्काराच्या आधी विचारलं,

"जमीनना वाटा मांगाले उनात का तुम्ही?"

छायाताईंना पहिल्यांदा समजलं नाही. शुभांगी ओशाळली. "आजींना कालपासून तेच वाटतंय. सिन्नरची माणसं आपल्या जमिनीत वाटा मागायला येताहेत म्हणून."

"आधीच सांगस," ठमाबाई म्हणाली, "जमीन मना पोराना नाववर शे."

इसाकभाईंना हसू आवरेना. छायाताई मात्र हसल्या नाहीत. हे नाटक असू शकतं, असं त्यांच्या मनात आलं. आधी तू ओरड, म्हणजे तुझ्यावर कुणी संशय घेणार नाही.

पण तेवढ्यात त्यांचं लक्ष अंगणाच्या कोपऱ्याकडे गेलं. तिथे शेवग्याचं मोठं झाड होतं. शेंगांनी लगडलेलं. आणि त्या शेंगा तोडलेल्या नव्हत्या. वाळून तपकिरी होऊन तशाच लटकत होत्या, खाली बियांचा सडा पडला होता.

"शेंगा तोडत नाही का तुम्ही?" त्यांनी शुभांगीला विचारलं.

"शेजारचे नेतात कधी कधी. आमच्यात शिजवत नाहीत. मला लग्नानंतर कळलं. माझ्या माहेरी आठवड्याला आमटी व्हायची."

"का शिजवत नाहीत?"

"आजींच्या आजोबांनी घालून दिलेलं आहे. कारण कुणाला माहीत नाही."

छायाताईंना कारण माहीत होतं. निमदरीच्या त्यांच्या घरात शेवगा शिजत नाही. पाच-सहा पिढ्यांपूर्वी घरातली एक लहान मुलगी शेंगा काढताना झाडावरून पडून गेली, तेव्हापासून. अख्ख्या गावात ते फक्त त्यांच्याच घराला आहे. लग्न होऊन मखमलाबादला आल्यावरही त्यांनी ते सोडलं नाही. बाजारात शेंगांच्या ढिगाशेजारी बसायची वेळ आली तर त्या जागा बदलून घेतात. हे कागदावर कुठे लिहिलेलं नाही, बातमीत आलेलं नाही, आणि इसाकभाईंनाही ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्या पडवीच्या पायरीवर बसल्या. थोड्या वेळाने पाणी मागितलं.

मग ठमाबाईने सांगितलं. ती सांगत असताना शुभांगी मधे मधे शब्द सोपे करून देत होती.

आजा मेला तेव्हा ठमाबाई बारा-तेरा वर्षांची होती. त्याला उजवा हात नव्हता, डाव्या हाताने तिची वेणी धरून तो तिला रागवायचा. लढाईचं तो कुणाला सांगत नसे. बायकोला, म्हणजे ठमाबाईच्या आजीला, मात्र सगळं सांगितलेलं होतं आणि तिने ते नातीला सांगितलं. सोमा आणि दगडू जिवाभावाचे मित्र. सिन्नरच्या बाजारात पलटणीसाठी भरती करणारे आले तेव्हा सोमाने नाव दिलं. दगडू आईचा लाडका, धाकटा. आई विधवा, ती सोडेना. सोमाने तिच्या घरी जाऊन तिला शब्द दिला, की मी नेतो आणि मीच परत आणतो. बसऱ्याच्या पुढे कुठेतरी छावणीत दगडूला ताप आणि जुलाब लागले. गोळी लागलीच नाही. चार दिवसांत गेला. सोमाने त्याला पुरलं. नमाज त्याला येत नव्हती, म्हणून पंजाबकडच्या एका शिपायाला हात धरून आणलं आणि म्हणून घेतली. पुढच्या वर्षी सोमाचा हात गेला. मुंबईच्या इस्पितळातून सुटून तो नाशिकला उतरला, तिथून निमदरीच्या वेशीपर्यंत गेला.

"वेसजोडे दगडूनी माय व्हती," ठमाबाई म्हणाली. "ओढ्यावर धुणं धुवत. तिनी वळखं नही त्याले."

वाळलेला, दाढी वाढलेला, एका हाताचा माणूस बघून तिने विचारलं, बाबा, लढाईकडून आलास का, माझा दगडू कधी येतोय? तो गेल्याचं तिला कुणी सांगितलं असेल तरी तिने ते मानलं नव्हतं. सोमाच्या तोंडून खरं निघालं नाही. तो म्हणाला, मागच्या गाडीने येतोय. आणि गावात न शिरता तसाच माघारी फिरला. पलटणीतला एक जोडीदार कळवणचा होता, त्याच्याकडे येऊन राहिला. डाळिंबाच्या बागेची राखण धरली. पुढे तिथेच संसार झाला.

इसाकभाई खाली बघत बसले होते. ते म्हणाले,

"आमच्याकडं म्हातारीचं सांगतात. दगडूच्या आईचं. रोज दिवस मावळायला फाट्यावर जाऊन बसायची. कोणी घरी चल म्हटलं तर म्हणायची, मागच्या गाडीनं येणार हाय. आमच्यात अजून कोणाला उशीर झाला की म्हणतात, येईल मागच्या गाडीनं. ते कुठनं आलं, कोणालाच ठाव नव्हतं."

त्यांनी छायाताईंकडे पाहिलं. "म्हणजे तुमच्या पणजोबाच्या एका शब्दावर आमची म्हातारी मरेपर्यंत रस्त्याला बसली."

छायाताई मला नंतर म्हणाल्या, त्या वेळी मला पहिल्यांदा वाटलं की हा सगळा बनाव असता तर बरं झालं असतं.

ठमाबाईने आणखी एक गोष्ट सांगितली. आजीचं लग्न नुकतं झालेलं असताना सिन्नरकडून एक बाई आली होती, सात-आठ वर्षांच्या मुलाचा हात धरून. सोमा कुठे आहे हे तिने कसं शोधून काढलं, कोण जाणे. दोन दिवस राहिली. आजीबरोबर जात्यावर बसली, भाकऱ्या केल्या. सोमाशी ती बागेत जाऊन बोलली. काय बोलली ते आजीला कळलं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे मुलाला घेऊन निघून गेली, पुन्हा आली नाही.

ती भागीबाई. तो मुलगा छायाताईंचे आजोबा. म्हणजे दोघांनाही माहीत होतं. हुतात्म्याची गोष्ट त्यानंतर घरात शिरली होती, बहुधा छायाताईंच्या वडिलांच्या लहानपणी, बापाने मुलाला आजोबांबद्दल काहीतरी सांगायला हवं म्हणून.

शुभांगीने जेवायला वाढलं. पिठलं, भाकरी, कांद्याची पात. जेवणं झाली आणि हात धुतल्यावर छायाताईंनी पर्समधून स्टॅम्पपेपर काढला.

इसाकभाईंनी तो पाहिला. "आत्ता, ताई?" ते म्हणाले. "आत्ता काढता?"

"मग कधी काढू? पुन्हा यायचं होणार आहे का?"

शुभांगीचा चेहरा उतरला. तिने कागद वाचून ठमाबाईला समजावून सांगितलं. ठमाबाई रागावली नाही. उलट तिला बरं वाटलेलं दिसलं. ती म्हणाली, मी सही करते, पण तूही मला तसंच लिहून द्यायचं, कळवणच्या जमिनीवर तुझा हक्क नाही म्हणून. आणि आत्ताच. मग शुभांगीने अंगणवाडीच्या रजिस्टरमधलं एक कोरं पान फाडून त्यावर मजकूर लिहिला, छायाताईंनी तो दोनदा वाचला आणि सही केली. ठमाबाईने आपली सही हळूहळू, एकेक अक्षर जोडत केली. साक्षीदार म्हणून दोन्ही कागदांवर इसाकभाईंची सही झाली. त्या कागदांना कायद्यात काही किंमत आहे की नाही, मला शंका आहे. पण सह्या झाल्यावर ठमाबाईने छायाताईंचा हात धरून त्यांना खाटेवर शेजारी बसवून घेतलं आणि त्यांचा चेहरा जवळून बघितला. कान आजाचे आहेत, असं म्हणाली.

परतीच्या एसटीत ती दोघं आणखी लांब बसली. छायाताईंना वाटत होतं, हा आता गावात जाऊन सांगणार, सोमाने कसं एका आईला फसवलं ते. शाळेतल्या त्या पुढच्या खुर्चीवर थुंकतील लोक. इसाकभाईंना वाटत होतं, ही आता म्हणेल, कळवणला काही मिळालंच नाही, म्हातारीला भ्रम झालाय. आपल्या बाजूने बोलायला तिथे कोण येणार आहे. जुन्या सीबीएसला उतरल्यावर दोघांनी एकमेकांना "बरं" म्हटलं आणि दोन दिशांना गेली.

पुढच्या ग्रामसभेत छायाताई संध्याताईंनी बोलवायच्या आतच उभ्या राहिल्या.

"माझे पणजोबा लढाईत पडले नाहीत," त्या म्हणाल्या. "हात गमावून परत आले आणि कळवणला राहिले. तिथेच वारले. मी जाऊन बघून आले. शिळेवर नाव दगडूचं कोरा."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. जमिनीसाठी नऊ वर्षं कोर्टात गेलेली बाई आपल्या घराचा मान उठून दुसऱ्याला देते, हे कुणाला पटेना. त्यांचा एक चुलतभाऊ बसल्या जागेवरून म्हणाला, "शेखाशी काय ठरवून आलीस?" दुसरा म्हणाला, कळवणला सोमाच्या जमिनीची वाटणी चाललीय, त्यासाठी केलंय हे. छायाताई खाली बसल्या. आयुष्यभर त्या ज्या नजरेने लोकांना बघत आल्या, त्याच नजरेने आता सगळी सभा त्यांना बघत होती.

इसाकभाई उठले. छायाताईंनी पदराचं टोक मुठीत धरलं.

"मी ताईंबरोबर कळवणला होतो," ते म्हणाले. "ताई सांगतात ते खरं हाय. आमच्या दगडूला सोमानंच माती दिली. नमाज पढवून घेतली." एवढं बोलून ते बसले. ओढ्यावरच्या भेटीचं, मागच्या गाडीचं, त्यांनी काही काढलं नाही. नंतर छायाताईंनी त्यांना विचारलं तेव्हा म्हणाले, "ते आपल्या दोन घरांचं हाय. गावाला कशाला?"

नाव कोरलं गेलं. इसाकभाईंना शेवटपर्यंत खात्री नव्हती. पाथरवटाने अक्षरं पुरी करेपर्यंत ते दुकान बंद ठेवून दिवसभर तिथे बसून होते. बसवायच्या दिवशी मासूमाभाभी घरच्या सगळ्यांना घेऊन आल्या. छायाताईंनी मखमलाबादहून झेंडूच्या माळा आणल्या होत्या. चुलतभाऊ आले नाहीत. ठमाबाईला बोलावणं गेलं होतं, पण ती म्हणाली, एवढ्या लांब सहीसाठी बोलावत असतील, मी येत नाही.

या सव्वीस जानेवारीला शाळेत पुढच्या खुर्चीवर इसाकभाई बसले. छायाताई गेल्या होत्या, पण मागे उभ्या राहिल्या. आपल्या पाठीमागे लोक काय बोलतात ते ऐकायला तीच जागा बरी, असं त्या म्हणाल्या. काय ऐकलं, ते त्यांनी मला सांगितलं नाही.

आता संध्याकाळी काम आटोपलं की कधी कधी त्या बांधावर येऊन बसतात. सोमाबद्दल बोलत नाहीत. बोलतात भागीबाईबद्दल.

"ती त्याला घरी चल म्हणायला गेली होती, असं ठमाबाईला वाटतं," परवा त्या म्हणाल्या. "मला नाही वाटत. लहान पोराला घेऊन इतक्या लांब गेली, दोन दिवस त्या घरात दळण दळलं, आणि कुणाशी एका शब्दाने न भांडता परत आली. मला वाटतं, येऊ नकोस असं सांगायलाच ती गेली होती. तो आला असता तर दगडूच्या आईला कळलं असतं, मागची गाडी नाही म्हणून."

मी म्हटलं, "किंवा रागाने गेली असेल. दुसरी बायको बघून परत आली असेल."

"असेल," त्या म्हणाल्या. "कुणी बघितलंय."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कळवणचा नंबर होता. त्यांनी स्क्रीनकडे थोडा वेळ पाहिलं, मग उचलला आणि पहिल्यांदा विचारलं, "का केला फोन? काही काम आहे का?" पलीकडून म्हातारी काहीतरी बराच वेळ बोलत होती. छायाताई ऐकत होत्या. मग त्या फोन कानाला लावूनच उठल्या आणि मळ्याच्या टोकाकडे चालत गेल्या, जिथे नेटवर्क चांगलं येतं.